मायएसक्यूएल सर्व्हरची प्राथमिक मांडणी

मायएसक्यूएल ही तक्त्यांच्या स्वरूपात माहिती साठवणारी मुक्त-स्रोत डेटाबेस प्रणाली होय. तिची पहिली आवृत्ती १९९५ साली आली. नावातील ‘माय’ हे सहनिर्माते मायकेल विडेनियस यांच्या मुलीच्या नावावरून घेतलेले आहे. २०१० पासून प्रणालीची मालकी ओरॅकल कंपनीकडे आहे. सर्व्हर म्हणजे पडद्याआड सतत चालू राहून इतर आज्ञावल्यांच्या मागण्या पुरवणारी आज्ञावली. मायएसक्यूएल सर्व्हर सामान्यतः ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर मागण्या स्वीकारतो.

त्याची स्थापना काही मिनिटांत होते. मात्र माहिती भरण्यापूर्वीचे काही निर्णय नंतर बदलणे अवघड जाते. त्यांपैकी वर्णसंचाचा निर्णय चुकल्यास मराठी मजकूर कायमचा नष्ट होऊ शकतो.

सुरक्षा

‘रूट’ हे सर्वाधिकार असलेले खाते होय. सर्व्हरसोबत ‘सिक्युअर इन्स्टॉलेशन’ नावाची छोटी आज्ञावली मिळते. ती एकेक प्रश्न विचारून रूटचा परवलीचा शब्द ठरवते, निनावी खाती व ‘टेस्ट’ हा चाचणीचा डेटाबेस काढून टाकते आणि दुसऱ्या संगणकावरून रूटला होणारा प्रवेश बंद करते. रोजच्या कामासाठी रूट वापरू नये. ग्रंथालयाची यादी हाताळणाऱ्या खात्याला त्या एकाच डेटाबेसचे अधिकार पुरतात. संकेतस्थळ व डेटाबेस एकाच संगणकावर असल्यास ‘बाइंड ॲड्रेस’ १२७.०.०.१ ठेवावा, म्हणजे सर्व्हर बाहेरील जोडण्या स्वीकारत नाही.

मांडणीची संचिका

लिनक्सवर ‘माय डॉट सीएनएफ’ आणि विंडोजवर ‘माय डॉट आयएनआय’ या साध्या मजकूर-संचिकेत सर्व्हरची मांडणी लिहिलेली असते. तीत बदल केल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. स्मृतीसाठीचा ‘बफर पूल’ मुळात १२८ मेगाबाइटचा असतो. शिकण्यापुरता तो पुरेसा आहे.

वर्णसंच

२०१८ साली आलेल्या ८.० आवृत्तीपूर्वी ‘लॅटिन१’ हा पूर्वनिर्धारित वर्णसंच होता. तो पश्चिम युरोपीय भाषांसाठी असून त्यात देवनागरीला जागाच नाही. काटेकोर तपासणी बंद असेल, तर असा सर्व्हर ‘मराठी’ या शब्दाऐवजी पाच प्रश्नचिन्हे साठवतो, कारण काना व वेलांटी ही युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्हे आहेत. मूळ अक्षरे कोठेच उरत नसल्याने ती परत मिळवता येत नाहीत. विचित्र युरोपीय अक्षरांची माळ दिसल्यास मात्र आशा असते. तेथे बाइट बहुधा शाबूत असून त्यांचे वाचन तेवढे चुकलेले असते.

‘यूटीएफ८’ हे नावही फसवे आहे. मायएसक्यूएलमध्ये ते दीर्घकाळ एका चिन्हासाठी जास्तीत जास्त तीन बाइट देणाऱ्या संचाचे नाव राहिले. देवनागरीच्या मूळ चिन्हांना तीन बाइट पुरतात, पण इमोजींना चार लागतात. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीलाही चारच लागतात. मोडी दस्तऐवजांची सूची करणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’ निवडावा, आणि तो डेटाबेस, तक्ते व जोडणी या तिन्ही ठिकाणी असल्याची खात्री करावी. जोडणीचा वर्णसंच विसरण्याची चूक सर्रास होते.

खरी माहिती भरण्यापूर्वी एका तक्त्यात जोडाक्षरे असलेले मराठी वाक्य भरून, जोडणी तोडून, पुन्हा वाचून पाहावे. ‘मायएसक्यूएल डम्प’ने घेतलेली प्रतही एकदा दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये उतरवून हेच वाक्य तपासावे.