हाताची विद्या आणि उद्योगांचे दान



आपण मला बोलावलेत ते ओतकामाच्या धंद्यातील माणूस म्हणून. तेव्हा बेळगावच्या लोखंडापासूनच आरंभ करणे बरे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील अध्यापन सोडून येथे आले. १९१० साली त्यांनी कारखाना कुंडलला हलविला, परंतु त्यांचा लोखंडी नांगर आधी याच गावी घडला होता. आज उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम करणारे कारखाने शेजारीशेजारी उभे आहेत, आणि कुशल हात मिळत नाहीत ही त्यांतील बहुतेकांची तक्रार आहे.

१ एप्रिल २०१४ रोजी कंपनी कायद्याचे कलम १३५ अमलात आले. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पुरा करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावेत, असे त्याने ठरविले. रोजगाराला उपयोगी पडणारे व्यवसायकौशल्य त्या कार्यांच्या यादीत स्पष्टपणे आहे. खर्च करताना कंपनीने आपल्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही कलमात म्हटले आहे. अडचण येथेच आहे. आमच्यासारखे लहान कारखाने त्या निकषांत बसत नाहीत. भागीदारीत चालणारे तर कायद्याच्या दृष्टीने कंपनीच नव्हेत. म्हणजे कारागिरांची निकड ज्यांना सर्वाधिक, त्यांच्यावर देण्याचे बंधन नाही, आणि ज्यांच्यावर आहे त्यांचा परिसर बहुधा दुसरीकडे.

जेथे हा पैसा पोहोचतो तेथे तो इमारतीत आणि यंत्रांत लवकर दिसतो. यंत्रे हवीतच, जुन्या लेथवर शिकलेला मुलगा संगणकचलित यंत्रापुढे बावरतो, हे मी पाहिले आहे. पण मुलगा शिक्षण सोडतो तो यंत्र नाही म्हणून नव्हे.

माझा एक वर्गमित्र गणितात माझ्या पुढे होता. मी अभियांत्रिकीकडे गेलो, मला शिष्यवृत्ती मिळाली. तो आयटीआयला फिटर शाखेत गेला. शुल्क नाममात्र होते. वडील आजारी पडले आणि दुसऱ्या वर्षी तो हमालीला लागला. त्याला शुल्काची माफी नको होती. घरात दररोज येणाऱ्या मजुरीची भरपाई हवी होती. तिच्यासाठी अर्ज करण्यास कोठे खिडकीच नव्हती.

फिटर व टर्नर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डरचा एक वर्षाचा. इतक्या मुदतीचा खर्च लहान कारखान्यालाही न पेलणारा नाही. बसचा पास, सुरक्षेचे बूट, मोजमापाची साधने आणि घरी द्यायला दरमहा ठरावीक रक्कम, एवढाच त्याचा विस्तार. रक्कम महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच हाती पडावी. उशिरा आलेल्या शिष्यवृत्तीने कित्येकांची वर्षे बुडविली आहेत.

पुढील जूनपासून दोन मुलांचा असा खर्च माझा कारखाना उचलील. मुले शाळेने निवडावीत. आणखी कोणा माजी विद्यार्थ्यास यात सहभागी व्हायचे असेल तर त्यांनी आपले नाव कार्यालयात नोंदवावे.