धुऊन उरतात ते

प्लॅस्टिकची प्लेट तळहातात मावणारी, पण तिच्यात खळगे ९६. प्रत्येकात थोडे ग्लुकोज घातलेला ब्रॉथ, आणि त्यात सायनसच्या रुग्णाच्या नाकातून मिळालेले स्टॅफिलोकॉकस ऑरियस. रात्रभर ती ३७ अंशांवर इनक्युबेटरमध्ये होती. सकाळी लॅबमधल्या ताईंनी ती उलटी करून झटकली, सलाइन घालून पुन्हा झटकली. खळगे अगदी स्वच्छ दिसायला लागले.

“आता बघा,” म्हणत त्यांनी पिपेटने क्रिस्टल व्हायोलेट सोडले. पंधरा मिनिटांनी परत धुणे. इथे हात जड पडला तर थर निघून येतो, हलका पडला तर नुसताच रंग रेंगाळतो. ताईंचा हात बसलेला होता. ज्या खळग्यांत जिवाणू सोडलेच नव्हते ते कोरे राहिले. बाकीच्यांच्या तळाला गडद जांभळा थर. तरंगणारे जिवाणू केव्हाच सिंकमध्ये गेले होते. हे चिकटून बसलेले. हेच बायोफिल्म. न घासलेल्या माठाला आतून जो बुळबुळीतपणा लागतो, तोही याच जातीचा.

चिकटलेले जिवाणू शर्करा, प्रथिने आणि डीएनए यांचा चिकट लगदा स्वतःभोवती जमवतात. खालच्या थरात अन्न आणि प्राणवायू कमी पोचतो, तिथले जिवाणू सुस्तावतात. बरीचशी अँटिबायोटिक्स वाढत्या जिवाणूंनाच नीट मारतात, म्हणून हे सुस्त निभावून जातात. कल्चरच्या रिपोर्टात मात्र औषधापुढे ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेले असते, आणि ते खोटेही नसते. ती चाचणी सुटे करून अगरवर पसरलेल्या जिवाणूंची असते. गोळ्यांनी नाक मोकळे होते, थर जागेवरच राहतो, महिन्याभरात पुन्हा चोंदते. बारा आठवड्यांहून जास्त चालणाऱ्या सायनसच्या दुखण्यात हे चक्र कितीजणांच्या ओळखीचे असेल!

ऑपरेशननंतरही त्रास न थांबलेल्या काही रुग्णांच्या सायनसच्या अस्तरावर असा थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसला, ते पेनसिल्व्हेनियातल्या डॉक्टरांनी २००४मध्ये नोंदवले. पण निरोगी नाकातही तो कधीकधी सापडतो, तेव्हा सगळे खापर त्याच्यावर फोडणे मला घाईचे वाटते. गालाच्या हाडातल्या सायनसचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला असते. अस्तरावरचे सूक्ष्म केस शेंबूड अक्षरशः चढावर ढकलत नेतात. सुजेने ते केस झडले की शेंबूड तुंबतो, आणि मग थराला बसायला निवांत जागा मिळते.

म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशनने ते तोंड रुंद करतात, आणि नंतर रोज मिठाच्या भरपूर पाण्याने नाक धुवायला सांगतात. जलनेती करणाऱ्यांना यात नवे काहीच वाटणार नाही. अमेरिकेत त्या पाण्यात एक टक्का बेबी शॅम्पू घालूनही पाहिला. काहींना बरे वाटले, काहींनी नाक चुरचुरते म्हणून सोडून दिला.