जोडी स्वर्गात जमत नाही

हिवाळी ऑलिंपिकमधलं पेअर स्केटिंग टीव्हीवर लागलं की दिवाणखान्यातले शेरेही ठरलेले असतात. ‘नवराबायको असणार’, ‘पोरगी हलकी आहे म्हणून जमतं’, ‘हे काय, बर्फावरचा नाचच!’ या शेऱ्यांची झडती घ्यायला अल्योना साव्हचेन्को हे एक नाव जवळपास पुरतं.

ती मूळची युक्रेनची, जन्म १९८४ चा. स्टॅनिस्लाव मोरोझोव्हबरोबर ती २००० मध्ये ज्युनिअर जगज्जेती झाली, २००२ च्या ऑलिंपिकमध्ये मात्र पंधरावी आली. पुढे ती जोडी मोडली. नवा जोडीदार जर्मनीत मिळाला, रोबिन झोल्कोव्ही. त्याच्यासोबत पाच जागतिक विजेतेपदं आणि दोन ऑलिंपिक कांस्यपदकं आली. २०१४ मध्ये रोबिन निवृत्त झाला आणि तिशीतल्या अल्योनाने फ्रान्सच्या ब्रुनो मासोबरोबर पुन्हा श्रीगणेशा केला. या तिघांपैकी तिचा नवरा कोणीच नव्हे. १९८८ आणि १९९४ चं सुवर्ण जिंकणारे गोर्देयेवा-ग्रिन्कोव्ह पती-पत्नी झाले हे खरं, पण १९८४ ला रौप्य मिळवणारे अमेरिकेचे कॅरुथर्स बहीण-भाऊ होते. इथली सोयरीक उंची, वेग आणि उडीची लय बघून जुळते.

पारपत्रही बघावं लागतं. जागतिक स्पर्धेत दोघांपैकी एक त्या देशाचा असला तरी चालतं, ऑलिंपिकला मात्र दोघेही नागरिक हवेत. शिवाय देश बदलायचा तर आधीच्या देशाच्या संघटनेने सोडावं लागतं. ब्रुनोची ही परवानगी लांबली आणि २०१४-१५ चा अख्खा हंगाम दोघांना स्पर्धेविना काढावा लागला. मग जर्मन नागरिकत्वासाठीच्या भाषेच्या परीक्षेने त्याला दमवलं. नागरिकत्व हातात पडलं तेव्हा ऑलिंपिक जेमतेम तीन महिन्यांवर आलं होतं.

आता नाचाबद्दल. आइस डान्स हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात जोडीदाराला डोक्यावर उचलून धरता येत नाही, फेकता तर येतच नाही. पेअरमध्ये तोच तर खेळ! ‘ट्विस्ट’मध्ये मुलीला वर उडवतात, ती हवेत गिरक्या घेते आणि खाली येताना तो तिला झेलतो. ‘थ्रो जंप’मध्ये तो फक्त फेकतो, गिरक्या तिच्या, आणि एका पायावर, पाठमोरं, वेगात उतरणंही तिचंच. झेलायला कोणी नसतं. याशिवाय शेजारी-शेजारी मारायच्या उड्या असतातच, त्यामुळे ‘हलकी’ असणं हे फार तर सुरुवातीचं भांडवल.

धोका केवळ उंचावरून पडण्याचा नसतो. १९९६ मध्ये रीगाला सराव चालू असताना, शेजारी-शेजारी गिरकी घेताना, जोडीदाराच्या स्केटचं पातं येलेना बेरेझ्नायाच्या डोक्यात घुसलं. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली, वाचा गेली. दोन वर्षांनी नागानोच्या ऑलिंपिकमध्ये ती नव्या जोडीदारासह रौप्यपदक घेऊन उभी होती. डोक्यावर हेल्मेट तेव्हा नव्हतं, स्पर्धेत आजही नसतं.

‘एक चूक झाली की संपलं’ हाही असाच एक समज. सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत २००२ च्या साल्ट लेक सिटीतल्या पंचगिरीच्या वादानंतर गेली. आता प्रत्येक करामतीला वेगळे गुण मिळतात. २०१८ ला प्याँगचांगमध्ये ब्रुनोने छोट्या कार्यक्रमात तिहेरीऐवजी दुहेरी उडी मारली आणि जोडी चौथ्या स्थानावर गेली. दुसऱ्या दिवशी मोठ्या कार्यक्रमात १५९.३१ गुणांचा तेव्हाचा विश्वविक्रम झाला. तरी मागे तीन जोड्या उरल्या होत्या, त्यामुळे वाट बघत बसावं लागलं. शेवटी चीनच्या सुई-हान जोडीपेक्षा फक्त ०.४३ गुण जास्त निघाले आणि चौतिसाव्या वर्षी, पाचव्या ऑलिंपिकमध्ये अल्योनाला सुवर्ण मिळालं.

चौतीस म्हणजे उशीर वाटत असेल, तर डिअ‍ॅना स्टेलाटो-डुडेकचं बघा. अल्योना ज्युनिअर जगज्जेती झाली त्याच २००० च्या स्पर्धेत ही अमेरिकन मुलगी एकेरीत दुसरी आली होती. पुढे दुखापतींनी तिला खेळ सोडायला लावला. सोळा वर्षांनी ती परतली, तीही पेअरमध्ये. २०२४ च्या मार्चमध्ये मॉन्ट्रियलला मॅक्सिम देशाँ या जोडीदाराबरोबर कॅनडाकडून ती जगज्जेती झाली तेव्हा वय होतं ४०, आणि कॅनडाचं नागरिकत्व अजून मिळायचंच होतं.