चहा तोच, झोप कोणाची उडते?

परीक्षा जवळ आली की घरोघरी रात्री चहाचे आधण चढते. तोच चहा पिऊन एक भाऊ पहाटेपर्यंत टक्क जागा राहतो, तर दुसरा तासाभरात पुस्तकावर डोके टेकून घोरू लागतो. असे का व्हावे?

चहा-कॉफीतील उत्तेजक द्रव्य म्हणजे कॅफीन. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ साली ते कॉफीच्या बियांतून वेगळे केले. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसीन हे द्रव्य साचत जाते. चेतापेशींवरील ठरावीक जागी ते चिकटले की झोप येऊ लागते. कॅफीन नेमक्या याच जागा अडवून बसते. थकवा जात नाही. त्याचा निरोप तेवढा पोचत नाही.

हे कॅफीन शरीरात किती वेळ टिकेल, हे मुख्यतः यकृतातील एका विकरावर अवलंबून असते. त्यातले निम्मे नाहीसे व्हायला निरोगी प्रौढाला सरासरी ५ तास लागतात. पण कोणाला २ तास पुरतात, तर कोणाला ९ लागतात.

विकर बनवण्याची कृती जनुकात लिहिलेली असते, आणि तिच्यात माणसागणिक बारीक फरक असतात. पण कृती वहीत असणे निराळे आणि पदार्थ रांधला जाणे निराळे! जनुकावरून प्रत्यक्ष उत्पादन होणे, यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. तंबाखूच्या धुरातील काही रेणू यकृताच्या पेशीतील एका प्रथिनाला जोडले जातात. ही जोडी केंद्रकात शिरून त्या जनुकाचे काम वाढवते. जनुक तेच, पण विकर अधिक! म्हणून धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगाने जाते. उलट नवजात बालकात हे विकर जेमतेम असल्याने कॅफीन काही दिवस रेंगाळते.

ही केवळ चहाची गोष्ट नाही. दम्यावरील थिओफिलीन हे औषधही मुख्यतः हेच विकर निकामी करते. धूम्रपान करणाऱ्या रुग्णाला त्याची मात्रा जास्त लागते. त्याने धूम्रपान सोडले की विकर घटते आणि तीच मात्रा विषारी ठरू शकते. धूम्रपान सोडावेच, पण डॉक्टरांना सांगून, म्हणजे ते मात्रा कमी करतील.

शेजाऱ्याला सोसते ते आपल्याला सोसेलच असे नाही, या जुन्या अनुभवामागचे एक कारण असे आपल्या पेशींत दडलेले आहे.