परदेशीं गांवची चव

तेल्हाऱ्यासारख्या वऱ्हाडी गांवांत उन्हाळा आला कीं अंगणांत बाजेवर धुवट लुगडें अंथरून मुगवड्या व सांडगे घालण्याची लगबग सुरू होते. पूर्वीं हें वाळवण घरापुरतें असे. आतां त्यांतील एक वांटा परदेशीं गेलेल्या मुलालेंकींसाठीं निराळा काढावा लागतो. परंतु पेटींत मावेल तेवढ्यावर वर्ष निभत नाहीं. ताजी भाजी व बियाणें नेण्यास तर कित्येक देशांत मनाई असते. तेव्हां अस्सल जिन्नस परमुलखांत शोधावा कसा, हा प्रश्न उरतोच.

हा अनुभव इटालियन लोकांस फार पूर्वीं आला. १८८० ते १९२४ या काळांत सुमारें ४० लाख इटालियन अमेरिकेंत गेले. त्यांच्या पार्मा व रेजिओ या भागांतील प्रसिद्ध चीजच्या नांवावर पुढें परक्या ठिकाणीं निराळाच माल विकला जाऊं लागला. अखेर युरोपांत त्या नांवासच कायद्याचें संरक्षण मिळालें. तेथील नेमून दिलेल्या प्रदेशांत तयार झालेलें व निदान १२ महिने मुरविलेलें चीजच त्या नांवास पात्र ठरतें. तें नांव त्याच्या सालीवर ठिपक्यांनीं उमटविलेलें असतें. ग्राहकानें तेवढें पाहिलें म्हणजे पुरे.

आपल्याकडे भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ सालीं झाला. विदर्भांतील भिवापूरची मिरची व वायगांवची हळद यांस असें मानांकन लाभलें आहे. म्हणून मसाला घेतांना वेष्टनावरील मुलखाचें नांव पाहावें, हा पहिला नियम.

दुसरा नियम असा कीं, जिन्नसाचें परकें नांव शिकून घ्यावें. ज्वारी अमेरिकेंत ‘सॉर्गम’ या नांवानें मिळते. सुदानी दुकानदार तिला ‘दुरा’ म्हणतो. अंबाडी तेलगू दुकानांत ‘गोंगुरा’ म्हणून मागावी. ब्रह्मी लोकांतही तिच्या कुळांतील पाल्याची भाजी आवडीनें खातात. ज्वारीच्या पिठास गव्हाच्या पिठासारखी चिकाटी नसते, आणि जुन्या पिठाची भाकरी तर थापतांनाच चिरते. यास्तव दळल्याची तारीख पाहावी व पीठ कढत पाण्यांत मळावें.

तथापि केवळ दुकान सांपडल्यानें चव टिकत नाहीं. कोंकणांतील मराठीभाषी बेने इस्रायल समाजांतील पुष्कळ कुटुंबें १९४८ नंतर इस्रायलांत गेलीं. तेथेंही एलियाहू हनाबीच्या नांवानें पोहे, खोबरें व साखर यांचा मलिदा केला जातो. शुभकार्याशीं पदार्थाची गांठ पडलेली असल्यामुळें पोह्यांची गरज पिढीगणिक उरते. उलट, ज्या घरांत भाकरी केवळ आठवणीपुरती राहिली, तेथील नातवास ज्वारी मागण्याचें कारणच उरत नाहीं. आणि मागणारा नाहीं म्हणजे दुकानदारही ती ठेवीत नाहीं.

याकरितां तेल्हाऱ्याच्या माउलीनें वड्यांच्या डब्याबरोबर कृतीचा कागदही धाडावा. डाळ किती भिजवावी, मीठ केव्हां घालावें, ऊन किती द्यावें, हें सारें त्यांत असावें. डबा दोन महिन्यांत सरेल. कागद नातवाच्या हातीं पडेल.