नकलेलाही अक्कल लागते!

खोपोलीच्या आसपासच्या कोणत्याही छोट्या यंत्रशाळेत सकाळी दहाच्या सुमारास जाऊन उभे राहावे. कागद गिरणीचा, नाही तर रोलिंग मिलचा एखादा माणूस पोत्यात गुंडाळलेले तुटके दातेरी चाक घेऊन येतो, ते बाकावर ठेवतो आणि म्हणतो, "मिस्त्री, अगदी अस्सेच पाहिजे. संध्याकाळपर्यंत!" मूळ यंत्र परदेशी असते, ते करणारी कंपनी केव्हाच बुडालेली असते आणि ड्रॉइंग कोणाजवळच नसते. मग मिस्त्री मुकाट्याने मायक्रोमीटर काढतो. माझी उभी हयात कर्जतहून खोपोलीला गाडीने जाऊन-येऊन अशाच टूलरूममध्ये गेली. म्हणून 'नक्कल' हा शब्द मी शिवी म्हणून वापरीत नाही. आमचे पोटच नकलेवर भरले. पण नकलेलाही अक्कल लागते, हे आम्ही उमेदवारीच्या पहिल्या वर्षीच शिकतो.

दिवाळीच्या फराळाशेजारी पिस्तुलाची गोष्ट मांडलेली कोणाला रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. परंतु यंत्राची नक्कल कशी करावी आणि कशी करू नये, याचा इतका बोलका नमुना दुसऱ्या कोणत्या धंद्यात मला आढळलेला नाही. एका चेक कारागिराने १९७५ साली एक पिस्तूल सिद्ध केले. पुढे इटली, स्वित्झर्लंड, इस्रायल, तुर्कस्तान, चीन, एवढेच काय उत्तर कोरियानेसुद्धा त्याच्या प्रती काढल्या! या भावंडांत कोणाचे कितपत जमले, ते जरा टूलरूमच्या नजरेने पाहू या.

कोणी विचारील, "अहो, हे पिस्तूल कर्जतच्या माणसाने पाहिले कुठे?" प्रश्न रास्त आहे. ते ९ मिलिमीटरचे आहे, आणि आपल्या कायद्याने ती जात सर्वसाधारण परवानेदाराला बंद आहे. तेव्हा नेम कोणाचा चांगला लागतो, याचा निवाडा मी करणार नाही. पण त्याच्या सुट्या भागांची चित्रे जगभर छापलेली आहेत, आणि चित्र वाचणे हा तर आमचा धंदाच.

तसे पाहिले तर चेक हत्यार आपल्याला अगदी परके नाही. मराठा पलटणीतून पेन्शनीत आलेल्या कोणत्याही म्हाताऱ्या हवालदाराला विचारा, ब्रेनगनचे नाव काढताच त्याचे डोळे चमकतील. ही ब्रेनगन मूळची ब्रनो शहरातली. इंग्रजांनी तिचे हक्क रीतसर विकत घेतले, एनफील्डच्या कारखान्यात ती केली, आणि ब्रनोचा 'ब्र' व एनफील्डचा 'एन' जोडून तिचे बारसे केले. पुढे ती भारतातही तयार झाली. ही झाली परवान्याची नक्कल. मूळ मालकाला त्याचा मोबदला मिळाला आणि करणाऱ्याला मूळ ड्रॉइंग मिळाले.

आमच्या पिस्तुलाच्या नशिबी हे भाग्य नव्हते. फ्रांतिशेक कोउत्स्की हा त्याचा कर्ता. १९०७ चा जन्म. म्हणजे १९६९ साली उहेर्स्की ब्रॉद येथल्या चेस्का झ्ब्रोयोव्का कारखान्याने हे काम त्याच्याकडे सोपवले, तेव्हा गृहस्थ साठीच्या पलीकडे गेलेला. हत्यार परदेशी विकून परकीय चलन मिळवावे, हा सरकारचा हेतू. चेक सैन्य तर ही ९ मिलिमीटर पॅराबेलमची गोळी वापरतच नव्हते! कोउत्स्कीने शोध लावला आणि सरकारने त्याचे पेटंट 'गुप्त' म्हणून नोंदवले. आता मौज पाहा. गुप्त पेटंट परदेशात दाखल करता येत नाही, आणि परदेशात पेटंट नाही म्हणजे तिथे नक्कल करायला कोणाची आडकाठी नाही. घराला भक्कम कुलूप लावावे आणि मागची भिंतच बांधायची राहून जावी, तसा हा प्रकार झाला.

नक्कल करण्याजोगे त्यात होते तरी काय? मुख्य गोष्ट एक. पिस्तुलाच्या वरचा जो पोलादी भाग गोळीसरशी मागे जातो आणि पुढे येतो, त्याला स्लाइड म्हणतात. बहुतेक पिस्तुलांत ही स्लाइड खालच्या सांगाड्याला बाहेरून कवटाळून धावते. कोउत्स्कीने ती सांगाड्याच्या आतल्या खाचांतून धाववली. पेटीचा खण जसा दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांत आतून सरकतो, तशी. त्यामुळे ती डगमगत कमी, आणि हाताच्या वर उंचही कमी दिसते. तोटा इतकाच, की बोटांनी धरायला ती अंमळ अपुरी पडते. ही कल्पना सर्वस्वी त्याची नव्हे. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १९४९ साली घेतलेल्या पिस्तुलातही ती होती. नळीला अडकवण्याची तऱ्हा ब्राउनिंगच्या वळणाची. म्हाताऱ्याचे श्रेय हे, की जुनी चार माणके त्याने एका कोंदणात बसवली, मॅगझिनमध्ये पंधरा गोळ्या ठेवल्या आणि मूठ अशी घडवली, की धरणाऱ्याला ती आपल्याच हातासाठी केलीशी वाटावी.

आता प्रतींकडे वळू. आमच्या धंद्यात परक्या कारखान्याचा सुटा भाग पारखण्याच्या तीन कसोट्या आहेत: माप, माल आणि मागाहून मिळणारे सुटे भाग. पिस्तुलालाही त्याच लावू.

पहिला मान इटलीचा. ब्रेशाजवळच्या गार्दोने गावी तान्फोलिओ नावाचा कारखाना आहे. त्याने १९८० नंतर प्रत काढली, पण काढताना एक शहाणपण केले. मूळ पिस्तुलात घोडा चढवलेला ठेवून सांगाड्यावरच्या खटक्याने त्याला बंद करता येते, आणि जाणत्यांना नेमके हेच आवडले होते. इटालियनांनी हा खटका उचलून स्लाइडवर नेला. तिथे तो ओढला, की घोडाच खाली उतरे. म्हणजे गिऱ्हाईक ज्या गुणासाठी आले, तोच यांनी काढून घेतला! पुढे त्यांनी खटका पुन्हा खाली आणला, आणि मग मात्र या कारखान्याचे बस्तान बसले. मापाच्या कसोटीचा हा धडा आहे. मूळ भाग अमुक जागी का आहे हे कळल्याखेरीज तो हलवू नये.

मालाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तान्फोलिओचा सांगाडा ओतीव म्हणून वाईट, आणि घडीव असता तर चांगला, असे लोक सर्रास बोलतात. आमच्या टूलरूममध्येही हा वाद रोज झडे. पण सुरुवातीची काही हजार पिस्तुले झाल्यावर सांगाड्यावरचे रूळ लांब करण्यात आले, आणि खुद्द चेक कारखान्यानेही पुढे सांगाडा ओतीव पद्धतीनेच करायला घेतला. पोलाद ओतले की ठोकले, यापेक्षा ते थंड कसे केले, तपासले कसे आणि नापास झालेले भंगारात टाकण्याची छाती मालकाला आहे की नाही, यावर त्याची लायकी ठरते.

इस्रायलची प्रत १९९० ची. नाव 'जेरिको ९४१'. या आकड्यात ९ मिलिमीटर आणि .४१ इंच अशा दोन गोळ्या दडलेल्या आहेत. नळी बदलली, की तेच पिस्तूल दुसरी गोळी उडवी. आरंभी सुटे भाग तान्फोलिओकडूनच येत. म्हणजे ही नकलेची नक्कल. पण इस्रायली मंडळींनी नळीतले आटे बहुकोनी केले, आकार आपल्या पसंतीचा दिला आणि काम चोख ठेवले. फसली ती .४१ ची गोळी. त्याच सुमारास अमेरिकेत .४० ची गोळी निघाली आणि हिचा बाजार उठला. पिस्तूल तगले ते ९ मिलिमीटरच्या जोरावर. मागाहून मिळणाऱ्या वस्तूंची कसोटी किती कठोर असते, ती अशी.

या तिसऱ्या कसोटीने बळी घेतला तो कॅलिफोर्नियातल्या 'ब्रेन टेन'चा. ब्रेनगनच्या आठवणीने दिलेले नाव, चेक पिस्तुलाचे वळण, १९८३ सालचा जन्म, १० मिलिमीटरची नवी दणकट गोळी. जाहिरात तर विचारू नका. गिऱ्हाइकांना पिस्तुले पोचली, पण मॅगझिने पोचेनात! मॅगझिनवाचून असले पिस्तूल म्हणजे पाट्यावाचून वरवंटा. तीनएक वर्षांत, सुमारे दीड हजार नग झाल्यावर, कारखाना बुडाला.

स्वित्झर्लंडची तऱ्हा याच्या उलट. झोलोथुर्न येथल्या एका यंत्र कारखान्याने प्रत काढली आणि तिच्यातूनच पुढे 'स्फिंक्स' पिस्तूल उदयाला आले. घड्याळ करणाऱ्यांच्या देशाने पिस्तूल केले, तर जे व्हायचे तेच झाले. फिटिंग असे, की जाणकाराने मूळ बाजूला ठेवून प्रत उचलावी. आणि किंमत अशी, की ती पुन्हा खाली ठेवावी! चिनी 'नोरिन्को'ची प्रत विक्रीसाठी केलेला सरधोपट माल. उत्तर कोरियाने आपल्या प्रतीला पेक्तुसान या पवित्र डोंगराचे नाव दिले. नाव थोर, पण सुट्या भागांसाठी दार कोणाचे ठोठवायचे?

मला खरे कौतुक वाटते ते तुर्कांचे. द्यूझचे येथील सार्सिल्माझ हा जुना कारखाना, आणि काळ्या समुद्रावरच्या साम्सुन शहरी १९९८ साली निघालेला एक नवा. या नव्याने 'जानिक' नावाने चेक वळणाची पिस्तुले काढली. सांगाडा घडीव, किंमत बेताची. त्या प्रती करता करता त्यांचे हात तयार झाले, आणि मग त्यांनी ते वळण सोडून दुसऱ्या जातीचे पिस्तूल घेतले. तेही आरंभी एका जर्मन पिस्तुलाच्या धर्तीवरच होते. पण फेरफार करीत करीत त्यांनी अमेरिकेचा बाजार गाठला.

तेव्हा निकाल असा: कारागिरीत स्फिंक्स पहिले, सुट्या भागांच्या सोयीत तान्फोलिओ आणि जेरिको, आणि दामाच्या मानाने कामात तुर्क. कोरियन शेवटी.

पण हे सारे लिहिण्याचे कारण निराळेच आहे. काही वर्षांपूर्वी खालापूरच्या बाजूला एका यंत्रशाळेत मी नानांपाशी बसलो होतो. नाना म्हणजे आमच्या पिढीचे मिस्त्री. कानशीला हात लावला, तर लोखंडानेही अंग चोरावे. तेवढ्यात एक तरणाबांड मुलगा आला आणि त्याने रुमालातून बोटभर लांबीचा, कोपरा तुटलेला एक पोलादी तुकडा काढला.

"नाना, एवढा एक बनवून द्या. पैसे म्हणाल ते."

"कशाचा रे हा?"

"शिलाई मशीनचा."

नानांनी तो नखावर फिरवला, उजेडात धरला आणि परत त्याच्या तळहातावर ठेवला. "बाळ, माझ्या घरी शिलाई मशीन तीस वर्षं चालतंय. त्यात हा तुकडा नाही. हा चापाखालचा आहे."

मुलगा हसला. "तुम्हाला काय करायचंय, नाना? भाग करून द्यायचा. कुणाला कळतंय?"

"तेच तर. आजवर माझ्या हातून जो भाग गेला, तो मोडला तर माणूस माझ्याच दारात येतो. हा मोडला, तर तू कुणाच्या दारात जाशील? आणि नाही मोडला, तर कुणाच्या दारात जाशील?"

मुलगा काही न बोलता निघून गेला. नानांनी लेथ चालू केला, पण बराच वेळ त्यांचे लक्ष कामात नव्हते.

तो दिवस मी विसरू शकत नाही, कारण असा मोह छोट्या यंत्रशाळेला केव्हाही पडू शकतो. काम महिनोन्महिने नसते, यंत्राचा हप्ता थकलेला असतो आणि रुमालात गुंडाळलेला तुकडा चार पैसे जास्त देतो. कायदा मात्र फार कडक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, आणि विनापरवाना हत्यार करणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरली. गावठी कट्टा फुटून बोटे गेलेल्याला तर न्यायालयापर्यंतही थांबावे लागत नाही.

इटालियन काय, तुर्क काय, त्यांनी नक्कल केली. पण प्रत्येक नगावर आपले नाव आणि अनुक्रमांक ठोकला. खटका चुकीच्या जागी गेला, तर शिव्या त्यांच्याच दारात आल्या, आणि त्या शिव्यांतूनच ते शिकले. गावठी हत्यारावर नाव नसते. म्हणूनच ते पिढ्यानपिढ्या तसेच ओबडधोबड राहते. माप, माल आणि सुटे भाग या तीन कसोट्यांच्या आधीची कसोटी ही आहे: करणाऱ्याने आपले नाव घातले आहे काय?

आपल्या देशानेही हा रस्ता चोखाळला आहे. इशापूरच्या रायफल फॅक्टरीत होणारे ९ मिलिमीटरचे पिस्तूल ब्राउनिंगच्या १९३५ च्या हाय-पॉवरवरून घेतलेले. पण २०२१ च्या जानेवारीत पुण्याची शस्त्र संशोधन संस्था आणि महूचे इन्फंट्री स्कूल यांनी मिळून 'अस्मि' हे मशीन पिस्तूल पुढे आणले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी ते सिद्ध केले आणि सैन्याने त्याची मागणीही नोंदवली. बोरघाट चढून गेले, की पुणे आम्हाला किती लांब!

आयटीआयमधून नव्याने आलेल्या पोरांना मी एवढेच सांगतो. मन लावून नक्कल करा. मूळ भाग असाच का, हे कळेपर्यंत तो हातातून सोडू नका. आणि ज्या भागावर आपले नाव ठोकायला हात कचरेल, तो भाग लेथवर चढवूच नका.