सात चढणींची शर्यत

इटलीच्या उत्तर भागात डोलोमाइट नावाचे पर्वत आहेत. त्यांच्या कुशीत चेर्नादोई येथे रस्त्याला दोन फाटे फुटतात. वर्षातून एकदा, जुलैच्या आरंभीच्या एका रविवारी, हजारो सायकलस्वार या फाट्यावर येऊन पोहोचतात आणि त्यांतील प्रत्येकाला तेथे एक निर्णय घ्यावा लागतो. एक रस्ता १०६ किलोमीटरांच्या मध्यम शर्यतीचा, दुसरा १३८ किलोमीटरांच्या दीर्घ शर्यतीचा. फरक अवघा ३२ किलोमीटरांचा. परंतु त्या ३२ किलोमीटरांत जाऊ नावाचा घाट आहे. तोवर पाच चढणी पायांखालून गेलेल्या असतात. घरून निघताना दीर्घ शर्यतीचा निश्चय करून आलेला मनुष्य येथे मुकाट्याने मध्यम मार्गाला वळतो, असे पुष्कळदा घडते. ठरलेल्या वेळेनंतर येणाऱ्यास तर निवड करण्याचाही अधिकार राहत नाही. दीर्घ मार्ग त्याच्यापुरता बंद झालेला असतो.

या शर्यतीचे नाव ‘मारातोना द्लेस दोलोमितेस’. ती १९८७ साली सुरू झाली, तेव्हा भाग घेणारे दोनशेही नव्हते. आज सुमारे ९,००० स्वार निघतात, आणि इच्छुक त्याहून कितीतरी अधिक असल्यामुळे प्रवेश चिठ्ठ्या टाकून द्यावे लागतात. नावातील ‘द्लेस’ हा शब्द इटालियन नव्हे. तो लादिन भाषेतील आहे. डोलोमाइटच्या पाच खोऱ्यांत मिळून ही भाषा बोलणारे लोक जेमतेम तीस हजारांच्या आसपास असतील. एका बाजूस जर्मन आणि दुसऱ्या बाजूस इटालियन, अशा दोन बलाढ्य भाषांच्या मध्ये त्यांनी आपली बोली राखली आहे, आणि साऱ्या जगातून माणसे जमतात त्या शर्यतीचे नाव त्यांनी आपल्याच भाषेत ठेवले आहे. सीमेवर राहणाऱ्यांना यातील स्वारस्य वेगळे सांगावयास नको.

मार्गाची कल्पना यावी म्हणून आपल्याकडील एक माप घेऊ. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवितात. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतची ही चढण सुमारे ५०० मीटरांची. डोलोमाइटच्या दीर्घ मार्गावर एकूण चढण ४,२३० मीटर भरते. म्हणजे एकाच दिवशी आठ वेळा बोरघाट चढावा आणि वर थोडे शिल्लक राहावे. जेथून शर्यत निघते ते ला व्हिला गावच महाबळेश्वराहून उंच आहे. तेथून कांपोलोंगो, पोर्दोई, सेल्ला, गार्देना, पुन्हा कांपोलोंगो, मग जाऊ आणि शेवटी फाल्झारेगो, अशा सात चढणी. कांपोलोंगोचा माथा १,८७५ मीटरांवर. बाकीचे सारे २,१०० मीटरांच्या वर. यांतील कोणत्याही माथ्यावर उभे राहिले तरी कळसूबाईचे शिखर खालीच राहील.

हौशी स्वार आणि व्यावसायिक स्वार यांच्यातील भेद केवळ वेगाचा नाही. व्यावसायिकामागे संघाची मोटार असते, खाणे देणारे सहकारी असतात, आणि सराव हाच त्याचा उदरनिर्वाह असतो. हौशी मनुष्य आठवडाभर कचेरीत, शाळेत वा दुकानात असतो. त्याचा सराव पहाटेचा आणि रविवारचा. साहजिकच त्याला आपल्या शक्तीचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो. चेर्नादोईच्या फाट्यावर जो निर्णय होतो तो वस्तुतः तेथे होतच नाही. तो पहाटे साडेसहानंतरच्या पहिल्या दोन तासांत, स्वाराच्या नकळत, होऊन गेलेला असतो.

हे कसे, ते पाहण्यासारखे आहे. मनुष्याच्या स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन या रूपाने साखरेचा साठा असतो. चांगल्या कसलेल्या शरीरातही तो ४०० ते ५०० ग्रॅमच, म्हणजे सुमारे २,००० कॅलरींपुरता. मनुष्य आणि सायकल मिळून ८० किलो वजन धरले, तर ४,२३० मीटर चढण्यासाठीच शरीराला ३,००० कॅलरींहून अधिक खर्च येतो, कारण स्नायू खर्चिलेल्या शक्तीच्या जेमतेम चौथ्या हिश्शाचे काम करतात आणि उरलेली उष्णतेत जाते. वाऱ्याचा विरोध वेगळाच. अर्थात साठा पुरत नाही. तूट चरबीतून भरून निघते, परंतु चरबी संथपणे जळणारे इंधन आहे. स्वार दमाने चालला तर शरीर चरबी अधिक आणि साखर कमी वापरते. धापा टाकीत चालला की साखरेचा खर्च एकदम वाढतो. पहाटेची थंड हवा, ताजे पाय, मोटारींना बंद केलेले रस्ते आणि चहूकडून पुढे जाणारी माणसे! अशा वेळी पहिल्या कांपोलोंगोवर आवर घालणे हे मोठे कठीण काम असते. तेथे मिळविलेली पाच मिनिटे पुढे जाऊच्या चढणीवर अर्ध्या तासाच्या व्याजासह परत करावी लागतात.

दुसरा उपाय खाण्याचा. तासाला सुमारे ६० ग्रॅम साखर अथवा पिष्टमय पदार्थ पोटात गेले पाहिजेत, आणि ते भूक लागण्यापूर्वी. भूक जाणवू लागली की वेळ टळून गेलेली असते. साखर संपलेल्या स्वाराला हातपाय गळाल्याचा, डोळ्यांपुढे अंधारी आल्याचा अनुभव येतो. केवळ निश्चयाच्या बळावर ही अवस्था ओलांडता येत नाही. नव्या स्वारांची सारी चिंता सायकलच्या वजनाविषयी असते. तितकीच खिशातल्या खाऊविषयी असती, तर फाट्यावरची गर्दी वेगळी दिसली असती.

सपाटीवर आणि सौम्य चढावर पुढच्या स्वाराच्या पाठीमागे राहणाऱ्याला वाऱ्याचा आडोसा मिळतो आणि त्याची पाव हिश्शाच्या आसपास शक्ती वाचते. म्हणून घोळक्यात आळीपाळीने पुढे जाण्याची रीत आहे, आणि नुसताच मागे लपून राहणारा अप्रिय होतो. खड्या चढावर मात्र वेग इतका कमी असतो की, वाऱ्याचा विरोध नगण्य ठरतो. तेथे कोणाचा आडोसा नाही. ज्याचे वजन त्यानेच वाहावयाचे.

जाऊच्या घाटावर हे पुरते कळून येते. मराठी कानाला हे नाव नात्यातले वाटेल. आणि या जावेशी गोडीनेच वागावे लागते. ९.९ किलोमीटर लांबी, ९२२ मीटर उंची, म्हणजे दर शंभर मीटरांमागे नऊ मीटरांहून अधिक चढ, आणि विसावा घ्यावा अशी सपाटी जवळजवळ नाही. ८० किलोंचा भार तासाभरात वर न्यावयाचा तर केवळ चढण्यासाठी तासभर अखंड २०० वॅट शक्ती लागते. चाळीस वॅटांचे पाच दिवे तेवत ठेवण्याइतकी. ताज्या पायांना हे अशक्य नाही. पाच चढणींनंतर ते निराळेच होऊन बसते. येथे दातेरी चक्रांची निवड कामी येते. पुढे ३४ दात्यांचे आणि मागे ३२ दात्यांचे चक्र असेल, तर तासाला दहा किलोमीटरांच्या वेगात पेडल मिनिटाला पाऊणशे वेळा फिरते. पुढे ३९ आणि मागे २३ दाते असतील तर त्याच वेगात फेरे पन्नासाच्याही आत येतात, प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लागतो, आणि मांडीचे स्नायू भरून येतात. लहान चक्र लावणे कमीपणाचे मानण्याची जुनी रीत आता मागे पडली, हे बरेच झाले.

चढणीचे कौतुक होते, पण धोका उताराचा असतो. माथ्यावर घामाने भिजलेले अंग उतरताना गारठते, बोटे बधिर होतात, आणि ब्रेक नेमका तेव्हाच हवा असतो. वर पोहोचताच अंगरख्याखाली वर्तमानपत्र घालण्याची युक्ती जुन्या स्वारांची. वाऱ्याला अडविण्यास कागदाइतके स्वस्त साधन नाही. नागमोडी वळणावर ब्रेक वळणापूर्वी लावावयाचा, वळणात नव्हे, आणि दृष्टी समोरच्या कठड्याकडे न ठेवता रस्ता जेथे बाहेर पडतो तिकडे ठेवावयाची. कारण सायकल दृष्टीमागे जाते. पोर्दोईच्या माथ्यावर फाउस्तो कोप्पी या महान इटालियन स्वाराचे स्मारक आहे. क्षणभर थांबून अंगरखा घालण्यास ती जागा चांगली.

फाल्झारेगोच्या माथ्यावर दोन्ही फाट्यांचे लोक पुन्हा एकत्र येतात. या परिसरात १९१५ ते १९१७ या काळात इटालियन आणि ऑस्ट्रियन सैन्ये एकमेकांसमोर ठाण मांडून बसली होती; शेजारच्या लागाझुओई पर्वताच्या पोटात दोघांनी सुरुंगासाठी बोगदे खणले. पुढे वालपारोलाची खिंड ओलांडून रस्ता ला व्हिलाकडे उतरतो. तेथे, सारे संपले असे वाटत असताना, सुमारे साडेतीनशे मीटर लांबीचा एक चढ आडवा येतो. त्याचे लादिन नाव ‘म्यूर द्ल जात’, म्हणजे मांजराची भिंत. सर्वांत खडा भाग शंभरात एकोणीस. काहीजण येथे उतरून सायकल ढकलतात, आणि कडेला उभे असलेले गावकरी त्यांनाही तितक्याच मोठ्याने प्रोत्साहन देतात. दीर्घ मार्गाचा विजेता साडेचार तासांच्या आसपास येतो. इतर कित्येकांना आठनऊ तास लागतात. जाऊकडे न वळलेल्यांनाही भिंत चुकत नाही. तिच्यापुढे कोर्वारातील अंतिम रेषेपर्यंत पाचएक किलोमीटर उरतात, आणि तेही हलक्या चढाचे.